एड्विनची विजार आणि लेनची काळी बिअर

मार्लहर्स्ट, केंट
सेंट ल्यूकचा दिवस, ऑक्टोबर १९८१

तीर्थरूप सेसिली आत्यांना,

बर्नडेटचा, गुडघा वाकत नसल्यामुळे उभ्यानेच केलेला, पण मनापासूनचा नमस्कार.

तुमची तब्येत कशी आहे? समुद्रावरचा वारा मानवतो ना? कॉन्व्हेंटच्या वृद्धाश्रमातल्या त्या नव्या सिस्टर रात्री खिडकी उघडी ठेवतात असं तुम्ही लिहिलं होतंत, ते अजून चालूच आहे का? आणि रोज जेवणानंतर साबुदाण्याची खीर, हेही मला ठीक वाटत नाही. रोज एकच खीर करणाऱ्या स्वयंपाकघराबद्दल मला नेहमी संशय येतो. सोमवारी एकदाच शिजवून आठवडाभर वाढत असतील. (शुक्रवारी ती जास्त घट्ट लागते का, एवढं बघा. मग आपल्याला कळेल.) सोबत तुमच्यासाठी विणलेले लोकरीचे मोजे पाठवते आहे. उजवा जरा जड लागेल. सिस्टरांसमोर उघडू नका. कारण शेवटी लिहिते.

इकडे मी बरी आहे असं लिहायचा रिवाज आहे, म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर मी घराबाहेर पडायचं टाळते आहे, आणि त्याचं कारण एड्विनची चामडी विजार आहे.

पहिल्यापासून सांगते. एड्विनला जाऊन या लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासांत, दोन वर्षं झाली. तो गेल्यापासून गावच्या बिअर चाखणाऱ्याची जागा रिकामी होती. आपल्या गावचं ते जुनं कोर्ट तुम्हाला ठाऊकच आहे, वर्षातून एकदा भरतं, मेंढरं कुठे चरावीत यावर निकाल देतं (मेंढरं आता एकाकडेच आहेत आणि ती त्याच्याच कुरणात चरतात), मग सगळे मिळून जेवतात. त्याचे बेलिफ, म्हणजे कारभारी, सध्या मिस्टर ऑब्री थर्लो आहेत, खिळे-कुलपांचं दुकान होतं ते. निवृत्त झाल्यापासून त्यांना हुकूम द्यायला माणसं कमी पडतात. या मायकलमसला, सप्टेंबरअखेरच्या सणाला, त्यांनी उठून जाहीर केलं की रिवाजाप्रमाणे चाखणाऱ्याचं पद त्याच्या विधवेकडे जातं, कुणाची हरकत आहे का. हरकत माझीच होती. पण बोलणाऱ्याचं वाक्य पुरं झाल्याशिवाय मध्ये बोलायचं नाही, असं आपल्याला सिस्टरांनी शाळेत शिकवलेलं, आणि मिस्टर थर्लोंचं वाक्य पुरं होत नाही. ते झालं तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. टाळ्या थांबवून नाही म्हणणं म्हणजे किती उद्धटपणा! आभार मानून मी खाली बसले. माझ्या शेजारची मॉड पेनिक कानात म्हणाली, "अगं बर्नी, तुला तर शेरीसुद्धा चढते."

यंदा चाखायला एकच नवी बिअर होती, आणि ती 'गप्प बाई'मधली. पब तोच, पाटीवर बिनडोक्याची बाई असलेला. (पाटी तुमच्या वेळचीच आहे, रंग नवा. बाईला डोकं नाही म्हणून ती गप्प, हा विनोद पुरुषांना तीनशे वर्षं पुरला आहे.) पब आता लेन गॅमन नावाच्या माणसाकडे आहे. तो लंडनचा, साउदर्कचा. त्याचा आजा मासळी बाजारात डोक्यावर टोपल्या वाहणारा हमाल होता, आणि पोर्टर ही त्या हमालांचीच बिअर, म्हणून ती पुन्हा करायची हे लेनच्या डोक्यात बसलेलं. पबच्या मागच्या धुण्याच्या खोलीत त्याने स्वतः ती बनवली आणि एका उंच लाकडी पिंपात घालून ओल्या गोणपाटाखाली वर्षभर ठेवून दिली. आत्या, जी वस्तू ताजी देता येते ती कुणी वर्षभर का लपवून ठेवील? मला तेव्हाच शंका आली. शिवाय ती काळी. आणि काळी असून तिच्यावर तपकिरी फेस येतो, जणू आत कुणी साबणाने धुणं धुतोय.

लेनही मला बरा वाटत नव्हता. तो फार हसतो. लंडनची माणसं हसतात तेव्हा त्यांना काहीतरी हवं असतं. शिवाय मला पाहिलं की त्याचं हसू एकदम अर्धं व्हायचं आणि तो ग्लास पुसायला घ्यायचा, पुसलेलाच असला तरी. गावात सगळ्यांना मी पोर्टरबद्दल विचारून पाहिलं. मॉड म्हणाली, "वेगळी आहे." पाद्रीबुवा म्हणाले, "विचार करायला लावणारी." आपल्या लोकांना एखादी गोष्ट आवडली तर ते 'वाईट नाही' म्हणतात, हे तुम्ही जाणताच, म्हणजे 'वेगळी' म्हटलं की पिंपात उंदीर मेला असणार. मी टेहळणी सुरू केली. आणि गेल्या आठवड्यात, मी कुंपणाच्या कडेने सहज जात असताना (गुडघ्याला हालचाल हवी, डॉक्टरांनी सांगितलंय), लेन मागच्या दाराने काकवीचे डबे आत नेताना दिसला. एक डबा नाही, डबेच्या डबे! तो इकडेतिकडे बघत होता. बिअरमध्ये काकवी घालून ती गोड आणि दाट करायची, ही जुनी लबाडी आहे, एड्विननेच मला सांगितलं होतं. मी तशीच मिस्टर थर्लोंकडे गेले आणि सांगून आले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही पदाला शोभता." मला किती बरं वाटलं! आता आठवलं की अंगावर काटा येतो.

आता चाचणी. नुसतं चाखून आपल्या गावाचं भागत नाही. बाकावर बिअर ओतायची, चाखणाऱ्याने चामडी विजार घालून त्या ओल्यात बसायचं, अर्धा तास बसून प्यायचं, आणि मग उठायचं. एड्विन दरवर्षी टुणकन उठायचा, सगळे हसायचे, पबच्या दारावर हिरव्या पानांचा हार चढायचा आणि संपलं. मी मिस्टर थर्लोंना म्हटलं, मी माझ्या जाड लोकरी स्कर्टवर बसते. ते म्हणाले, रिवाजात विजार आहे. मग मी एड्विनची कपाटातून काढली. तो गेला त्याआधीच्या शरदात घातलेली, तेव्हापासून तशीच टांगलेली. तिला अजून त्याचा वास होता, तंबाखूचा आणि आणखी कसला तरी, गोडसर. मी ती थोडा वेळ मांडीवर घेऊन बसले. मग घातली, वरून घोट्यापर्यंतचा रेनकोट चढवला, आणि जपमाळ खिशात टाकून निघाले.

मागच्या बाजूला काहीतरी टणक टोचत होतं. जुनं चामडं वाळलं की गाठी येतात, असं मी समजले. आत्या, त्या दिवशी मी गावातल्या प्रत्येक माणसावर संशय घेतला, आणि नेमकं ज्याच्यावर बसणार होते तेवढंच सोडलं.

'गप्प बाई'मध्ये निम्मं गाव जमलं होतं. लेनने मला पाहिलं, माझ्या रेनकोटाखाली पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "बाई," तो हळूच म्हणाला, "हीच घालणार? दुसरी नाही का एखादी?" मी म्हटलं, माझ्या नवऱ्याची विजार तुम्हाला चालत नाही का? तो म्हणाला, "तसं नव्हे हो. धुतलीबितली होती का मधे?" बघा आता! परक्या बाईला कुणी असं विचारतं? मग त्याने बाक उचलून शेकोटीपासून लांब, दाराशी नेऊन ठेवला. "इथे हवा बरी आहे," म्हणे. ऑक्टोबरमध्ये, दारातली हवा! शेकोटीजवळ असं काय आहे जे मला दिसू नये, असा मी विचार केला, आणि सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं की बाक होता तिथेच ठेवा. लेनने माझ्याकडे असं पाहिलं की मला विजय मिळाल्यासारखं वाटलं. बाक शेकोटीला लागून ठेवला, त्यावर बिअर ओतली, आणि रेनकोट मागून वर घेऊन मी बसले.

मग त्याने ग्लास दिला. मी आधी वास घेतला, मग उजेडाकडे धरला (उजेड आरपार येईना, तेही मी लक्षात ठेवलं), मग जेमतेम ओठ लावला. जळकी लागली, पावाची कड तव्यावर राहून गेली की लागते तशी. मागून कॉफी आली, साखर न घातलेली. मी लबाडीची वाट पाहत होते, काकवीची, ती येईना. उलट अगदी शेवटी एक बारीक आंबट टोक जिभेला लागलं, हिरव्या सफरचंदाच्या सालीसारखं, आणि तिथे आत्या, मला शाळेतली आजाऱ्यांची खोली आठवली. मी अकरा वर्षांची, काडीसारखी, आणि सिस्टर पर्पेच्युआ एका पांढऱ्या कपात काळं काहीतरी घेऊन यायच्या. रक्त वाढतं म्हणायच्या. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर, ओल्या लोकरीचा वास असायचा, त्यांच्या बाह्या कपावर घासायच्या. कुणाला सांगू नकोस हं, असं त्या म्हणायच्या, आणि उरलेला घोट स्वतः घ्यायच्या. औषध म्हणून मी ते नाक दाबून प्यायचे. ते हेच होतं. पन्नास वर्षांनी मी नाक न दाबता प्याले. खाली पाहिलं तर ग्लास रिकामा. शंका अजून फिटली नव्हती म्हणून आणखी एक मागवला.

शेकोटीची ऊब छान लागत होती. अर्धा तास कसा गेला कळलं नाही. मिस्टर थर्लोंनी घंटा वाजवली आणि म्हणाले, "उठा!"

मी उठले. माझ्याबरोबर बाक उठला.

मी पुन्हा बसले, बाकही बसला. कुणी हसलं नाही, आणि त्यावरूनच मला परिस्थिती कळली. मॉडने एक हात धरला, पाद्रीबुवांनी दुसरा, आणि ओढलं. मी, विजार आणि बाक असे तिघे जण दारापर्यंत गेलो. "बर्नी, सोड ना ते!" मॉड ओरडली, जणू मीच धरून ठेवलं होतं. शेवटी मी सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावलं, रेनकोटाच्या आत पट्टा सोडला, आणि विजारीतून बाहेर आले. (आत लोकरीची लांब चड्डी होती. पण ते मला माहीत, त्यांना नाही.) मागे वळून पाहिलं तर बाकावर एड्विनची विजार गुडघे मोडून नीट बसलेली. बाहेर पाटीवर बाईला डोकं नाही, आत विजारीत माणूस नाही. मी मान ताठ ठेवून घरी आले.

आता खरी गोम. मिस्टर थर्लो म्हणतात, विजार चिकटली म्हणजे बिअरमध्ये साखर, म्हणजे भेसळ. आणि काकवीचे डबे तर खुद्द चाखणाऱ्या बाईंनीच पाहिलेत. लेन म्हणतो, त्याच्या आजाच्या वेळी चिकटली तर बिअर दमदार मानायचे. डब्यांचं विचारलं तर म्हणाला, पाच नोव्हेंबरला गावात मोठी शेकोटी पेटते, तेव्हा पोरांसाठी टॉफी करायची आहे, दरवर्षी करतो. पण ते इतक्या खाली मान घालून म्हणाला की कुणाला पटलं नाही. तंटा असा आहे की एड्विनच्या काळात विजार एकदाही चिकटली नाही, त्यामुळे चिकटण्याचा अर्थ काय हे गावात कुणालाच माहीत नाही. बाक विजारीसकट तसाच पुरावा म्हणून ठेवला आहे. हार पाद्रीबुवांच्या बादलीत पाण्यात आहे. आणि शनिवारपर्यंत उलगडा झाला नाही तर लेनने ते अख्खं पिंप गावच्या पंपाजवळ, सगळ्यांसमोर, गटारात ओतायचं. कायद्याने मिस्टर थर्लोंना बादलीभर पाणीही ओतायला लावता येणार नाही. पण लेनला याच गावात राहायचंय. वर्षभर त्या गोणपाटावर रोज पाणी शिंपडत होता तो. मी विचारलं, आणखी आहे का कुठे? तर नाही म्हणाला, एवढीच.

मला अजून त्याच्याबद्दल शंका आहेच. पण ती बिअर खोटी नव्हती, आत्या. मी दोन ग्लास प्याले आहे, मला माहीत आहे. आणि माझ्या जिभेपेक्षा माझ्या बुडाचं म्हणणं खरं मानलं जातंय, याचं मला फार वाईट वाटतं.

असो. फार लांबलं. तुमची आठवण रोज येते. थंडीत बाहेर पडू नका, आणि आमच्यासाठी प्रार्थना करताना लेन गॅमनचंही नाव घ्या, नंतर संशय खरा ठरला तर काढून टाका.

तुमची लाडकी भाची
बर्नडेट

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे की तुमच्या लहानपणी, पहिल्या युद्धाच्या आधी, एकदा म्हाताऱ्या चाखणाऱ्याची विजार चिकटली होती आणि तुम्ही तिथे होतात, असं बाबा सांगायचे. तेव्हा हार चढला की पिंप ओतलं? मिस्टर थर्लो म्हणतात, तुमचं लेखी आलं तर ते मानतील. शनिवारच्या आत लिहाल का?

ता. क. २. आठवत नसेल तर हार चढला असंच आठवा. मी आपल्या कॅथलिक चर्चच्या फादरांना विचारलं की म्हाताऱ्या माणसाला एखादी गोष्ट आठवायला मदत करणं पाप आहे का. ते म्हणाले कुठली गोष्ट, तर मी विषय बदलला.

ता. क. ३. (दुसऱ्या दिवशी, दुपारी.) आत्या, कुणाला काही लिहू नका! सकाळी मी 'गप्प बाई'मध्ये गेले, पुरावा असो की नसो, एड्विनची विजार अशी लोकांपुढे बसवून ठेवणं मला बघवेना. स्वयंपाकघरातलं कालथं घेऊन सोडवायला लागले. चामडं सुटलं तेव्हा मागचा खिसा उलटा झाला, आणि त्यात कागदाच्या पुडीत काकवीची टॉफी होती. शेकोटीच्या आणि माझ्या उबेने वितळून शिवणीतून बाहेर आलेली, पुन्हा थंड होऊन दगड झालेली. एड्विनला साखरेचा आजार होता. डॉक्टरांनी बंदी केल्यापासून एक तुकडा तोंडात टाकला नाही, असं तो मला प्रत्येक रविवारी चर्चच्या पायरीवर सांगायचा. (तो छातीने गेला, साखरेने नव्हे, डॉक्टरांनीच सांगितलंय, म्हणून मी रागावू शकते.)

लेन दारात उभा होता. मी म्हटलं, "ही तुमची." तो म्हणाला, "माझीच, बाई. त्याच्या शेवटच्या चाचणीनंतर दिली, माझ्यासमोर खिशात घातली त्याने." पोर्टरची पहिली खटपट लेनने तेव्हाच सुरू केली होती आणि चाखायला एड्विनलाच बोलवायचा, मागच्या खोलीत. ती इतकी कडू झाली होती की एड्विन म्हणाला, तोंडात ठेवायला काहीतरी गोड दे. तेव्हापासून लागलेली सवय. वर्षभर मुरव, असंही एड्विननेच त्याला सांगितलं. मी म्हटलं, मग चाचणीच्या दिवशीच बोलला का नाहीत? खिसा बघा एवढं म्हटलं असतंत तर पिंपावर ही पाळी आली नसती! तो ग्लास पुसायला लागला. "तुमच्या घरात कळू देणार नाही असा शब्द दिला होता त्याला," म्हणाला, "आणि तुम्ही तर तीच विजार घालून आलात. बाक लांब नेऊन पाहिला मी. तुम्ही नेऊ दिला नाहीत."

मी विजार तशीच काखेत मारून मिस्टर थर्लोंकडे गेले आणि त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली. आता सगळ्या गावाला कळलंय की एड्विन हॉलोवे चोरून टॉफी खायचा. मॉड म्हणते, ते सगळ्यांना आधीपासूनच माहीत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच! हार दुपारी चढला. दारावर खिळा सापडेना (खिळेवाले बेलिफ असून!), म्हणून लेनने तो पाटीवरच्या बाईच्या मानेवर, डोकं असायला हवं तिथे अडकवला. बाई बोलेलशी वाटते.

ता. क. ४. मोज्यांबद्दल राहिलंच. उजव्यात पोर्टरची बाटली आहे. आता डाव्यातही टॉफी घातली आहे, खिशातली नव्हे, लेनने आज केली ती. आधी टॉफी तोंडात धरा, मग लहानसा घोट. सिस्टरांनी विचारलं तर औषध म्हणा. त्यांच्यातल्या जुन्या असतील त्यांना पटेल. आंबट टोक तुम्हालाही लागतं का ते कळवा, मला अजून जराशी शंका आहे आणि मी रोज तपासते आहे. दोन्ही एकत्र फार छान लागतं, आत्या. हे एड्विनने मला सांगायला हवं होतं. मी रागावले असते, मग एक तुकडा मागितला असता.